एकशे बारा क्षमता आणि पाण्याची टाकी

आमच्या इस्पितळातील सर्व परिचारिकांना आपत्तीसाठी सक्षम करण्याचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले, त्या दिवसापर्यंत आमच्याकडे एकही आपत्ती आलेली नव्हती. हे मी अभिमानाने सांगत नाही, नोंद म्हणून सांगते.

मी स्वतः परिचारिकाच. बावीस वर्षं वॉर्डात काढली. गेली सात वर्षं मात्र मी एकाही पेशंटला हात लावलेला नाही, कारण सात वर्षांपूर्वी मला बढती मिळाली. आमच्या पेशाची रीतच अशी आहे. नर्स चांगली निघाली की तिला पेशंटपासून थोडं लांब बसवतात, आणखी चांगली निघाली की आणखी लांब. मी इतकी उत्तम निघाले की मला थेट समोरच्या नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, स्वतंत्र खोली आणि फिरती खुर्ची मिळाली. दारावर पाटी लागली: ‘समन्वयक, आपत्ती-सक्षमता कक्ष’. कक्षात मी एकटीच होते. एक उपसमन्वयक होती, पण ती रजेवर असे.

पहिलं काम म्हणजे पुस्तिका. नर्सच्या अंगी आपत्तीच्या वेळी कोणत्या क्षमता हव्यात, याची मी यादी केली आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ती चाळीसवर आटोपली. अधीक्षकसाहेबांनी यादी उलटसुलट करून पाहिली.

“चाळीसच? नदीपलीकडच्या इस्पितळाने नव्वद केल्यात म्हणे.”

“साहेब, आणखी सुचत नाहीत.”

“सुचत नसतील तर असलेल्या फोडा.”

मी फोडल्या. ‘पेशंटला उचलणे’ ही एक क्षमता होती. तिच्या चार झाल्या: वाकणे, धरणे, उचलणे आणि पुन्हा सरळ उभे राहणे. ‘धीर देणे’च्या पाच झाल्या, त्यात ‘धीर देण्यापूर्वी स्वतःचा परिचय देणे’ ही तर मला इतकी आवडली की मी ती दोनदा घातली. शेवटी एकशे बारावर थांबले. पाचशे प्रती छापून आल्या, त्या जुन्या इमारतीतल्या हॉलमध्ये लोखंडी कपाटात कुलपात ठेवल्या, कारण उघड्यावर ठेवल्या असत्या तर कुणीतरी वाचल्या असत्या आणि पानं खराब झाली असती.

मग परीक्षा घेतली. अठ्ठावीस नर्सेस बसल्या, सत्तावीस पास झाल्या. नापास झाली ती बडबडी.

तिला सगळं इस्पितळ बडबडीच म्हणायचं, तीसुद्धा रागावत नसे. तिच्या तोंडाला विसावा नव्हता. सुई टोचताना बोलायची, चादर बदलताना बोलायची, बेशुद्ध माणसाशी तर जरा जास्तच बोलायची. नऊ वर्षं ती आमच्याकडे हंगामी होती. दर अकरा महिन्यांनी तिला काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेमायचं, आणि मधल्या एका दिवशी ती बिनपगारी येऊन काम करायची, कारण पेशंट काही एका दिवसासाठी घरी जात नाहीत. या वर्षी पहिल्यांदा कायम जागा निघाली होती. अट एकच: सक्षमता प्रमाणपत्र, त्यावर माझी सही. नाहीतर चालू नेमणूक संपताच कायमचा रामराम. घरी तिचा नवरा पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता, हे तिनेच मला सांगितलं होतं. न विचारता.

तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं, “भूकंप झाला आहे. समोर चार जखमी आहेत. पहिली कृती कोणती?”

“मी हाका मारीन. कोण कोण आहात हो, बोला!”

“पुस्तिकेनुसार पहिली कृती ‘परिस्थितीचे अवलोकन’ ही आहे.”

“पण मॅडम, त्या धुळीत दिसणारे काय? हाक मारली की ज्याने ओ दिली तो शुद्धीवर आहे. जो बोंबलतोय त्याचा श्वास चाललाय, तो थांबेल दोन मिनिटं. जो गप्प बसलाय ना, त्याच्याकडे मी आधी पळेन.”

उत्तर बरोबर होतं. बावीस वर्षांपैकी निदान दहा वर्षं मीही तसंच करत आले होते. पण क्षमता क्रमांक एक्केचाळीस ‘अनावश्यक संभाषण टाळणे’ अशी होती आणि ती मीच लिहिली होती. आपलं लिहिलेलं आपणच कसं खोडायचं? मी शून्य देऊन तिला नापास केलं, पण प्रमाणपत्राचा अंतिम निकाल राखून ठेवला. पुढे कधीतरी बघू, म्हटलं. ‘पुढे कधीतरी बघू’ ही क्षमता पुस्तिकेत नाही, पण कार्यालयात तिच्यावाचून पान हलत नाही.

यानंतर वरून पत्र आलं. अमुक तारखेला, सकाळी अकरा ते बारा, भूकंपाची रंगीत तालीम घ्यावी, निरीक्षक स्वतः येतील. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. निरीक्षकांना आग विझवण्याची नळी चालवून दाखवायची होती आणि नळीतून पाणी यायचं ते प्रोस्टेटच्या पेशंटसारखं. जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीला तडा होता, म्हणून गेली पाच वर्षं ती अर्धीच भरत. अर्ध्या टाकीला जोर कुठून येणार? मी लेखी आदेश काढला: टाकी तालमीच्या दिवशी काठोकाठ भरण्यात यावी.

आदल्या दिवशी दुपारी बडबडी माझ्या खोलीत आली.

“मॅडम, टाकी भरू नका हो. माझ्या वॉर्डाच्या भिंतीला आत्ताच ओल आलीय. काल वरून पोपडा पडला, तो नऊ नंबरच्या आजोबांच्या ताटात. आजोबा म्हणाले, आज जेवणात काहीतरी घट्ट आलं एकदाचं.”

“तुम्ही हे लेखी द्या.”

“लेखी देते, पण भरू तर नका!”

मी वही उघडून नोंद केली: ‘अनावश्यक संभाषण, वरिष्ठांशी.’ आणि तालमीतून तिचं नाव वगळलं. नापास बाई निरीक्षकांपुढे कशाला? तिला हॉलला लागून असलेल्या तिच्याच वॉर्डात, खऱ्या पेशंटवर लक्ष ठेवायला बसवलं. हे काम त्या दिवशी कमी महत्त्वाचं होतं.

तालमीत जखमी म्हणून कार्यालयातली मंडळी घेतली होती. त्यांच्या कपाळाला आणि कोपरांना लाल औषध फासलं, गळ्यात रंगीत चिठ्ठ्या अडकवल्या. लाल म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळी म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवी म्हणजे स्वतः चालू शकतो आणि काळी म्हणजे गेला. गेलेल्याची भूमिका मी स्वतःकडे घेतली. एकतर साहेबांपुढे मरून पडायला कनिष्ठ कुणी तयार होईना, आणि दुसरं म्हणजे मेलेल्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे सगळ्यांचं मूल्यमापन करायला ती जागा फार सोयीची. हॉलमधल्या त्या लोखंडी कपाटाशेजारी सतरंजी टाकून मी आडवी झाले. गळ्यात काळी चिठ्ठी, ॲप्रनच्या खिशात गुणपत्रिका.

बरोबर अकराला भोंगा झाला. सत्तावीस सक्षम परिचारिका रांगेने आत आल्या आणि त्यांनी परिस्थितीचे अवलोकन सुरू केलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी छतातून पाणी ठिबकू लागलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी वर काहीतरी करकरलं.

निरीक्षक खुर्चीत सावरून बसले. “आवाजाचीही व्यवस्था केलीत? छान!”

“आमच्या समन्वयक बाई बारीकसारीक बघतात,” साहेब म्हणाले. मेल्या मेल्या मला धन्य वाटलं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी काठोकाठ भरलेली टाकी छतासकट खाली आली.

अर्धं छत हॉलमध्ये, अर्धं वॉर्डात. पाणी, धूळ, विटा. कपाट कलंडलं आणि माझ्या उजव्या पायावर बसलं. कुलूप तुटून त्याचं दार उघडलं आणि एकशे बारा क्षमतांच्या पाचशे प्रती माझ्या छातीवर ओतल्या गेल्या. मी किंचाळले. आजवर पेशंटना ‘ओरडू नका, काही होत नाही’ असं किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे. होतं. फार होतं.

निरीक्षक आणि साहेब दाराशी होते, ते सर्वांत आधी सुरक्षित झाले. उरलेल्यांचं प्रशिक्षण झालेलं असल्यामुळे कुणीही गडबडलं नाही. पत्रात अकरा ते बारा तालीम असं स्पष्ट लिहिलं होतं, तेव्हा बारापर्यंत जे काही होईल ती तालीमच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. पहिली नर्स माझ्याजवळ आली, वाकली, चिठ्ठी पाहिली.

“अगं, पाय अडकलाय माझा! कपाट उचल!”

“वा मॅडम, काय हुबेहूब करताय! पण मेलेल्याने बोलायचं नसतं. गुण जातील तुमचे.”

“तालीम नाही ही! छत पडलंय!”

“हो ना, धूळ तर डोळ्यांत जातेय अगदी,” असं कौतुकाने म्हणून ती आस्थापना विभागातल्या लिपिकाकडे गेली. त्याच्या गळ्यात लाल चिठ्ठी होती. ‘मला काही झालेलं नाही’ असं त्याने चार वेळा सांगितलं, तेव्हा ‘मानसिक धक्का’ अशी नोंद होऊन त्याला सलाईन लागलं.

दुसरी नर्स हुशार होती. परीक्षेत पहिली आली होती. तिने माझा चेहरा बघितला, पाय बघितला आणि तिला खरं काय ते कळलं. मी सुटकेचा श्वास टाकला.

“मॅडम, तुम्ही जिवंत आहात,” ती गंभीरपणे म्हणाली. “पण चिठ्ठी काळी आहे. पान सदतीस. चिठ्ठी बदलायचा अधिकार फक्त समन्वयकांना.”

“अगं, समन्वयक मीच आहे!”

“हो, पण कागदोपत्री तुम्ही गेलात. तुमच्यामागे कार्यभार कोणाकडे?”

“उपसमन्वयकाकडे.”

“त्या रजेवर आहेत.” तिला खरंच वाईट वाटत होतं. तिने माझ्या छातीवरच्या ढिगातली एक पुस्तिका उचलली, यावर काही तोडगा आहे का ते दोन पानं चाळून पाहिलं, आणि नाही म्हटल्यावर ती परत नीट ठेवून पुढे गेली. मीच तयार केलेली मुलगी. तिला बोल कसा लावणार? मी रडायला लागले. त्या रडण्यात दुखणं किती आणि लाज किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

इतक्यात भिंतीच्या भगदाडातून आवाज आला. “कोण कोण आहात हो? बोला! ओ द्या! काहीही बोला!”

बडबडी होती. अकराच्या आधीच वॉर्डाच्या छताला फुगवटा आलेला पाहून तिने कुणालाही न विचारता पंधरा पेशंट अंगणात नेले होते. चालणाऱ्यांना चालवत, न चालणाऱ्यांना खाटेसकट. पंधरावे, म्हणजे नऊ नंबरचे आजोबा, तिची पाठ वळताच कवळी विसरली म्हणून परत आत आले होते.

“मी इथे आहे!” मी ओरडले.

“मॅडम! आवाज खणखणीत आहे तुमचा, छान. बोटं हलतात का पायाची?”

“हलतात! आधी मला काढ!”

“बोटं हलतात ना? मग थांबा जरा. आजोबा! अहो आजोबा! कवळी सापडली का?” उत्तर आलं नाही. “आजोबा गप्प आहेत मॅडम. आधी तिकडे जाते.”

आणि ती गेली. मी, समन्वयक, आपत्ती-सक्षमता कक्ष, कपाटाखाली. आणि हंगामी बाईने मला रांगेत दुसरा नंबर दिला. संताप आला मला. आपल्याला मागे ठेवलं की कसं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं. मी आजवर ठेवणाऱ्यांत होते.

दरवाजाच्या फळीखालून तिने आजोबांना ओढून काढलं, तोंडातली माती बोटाने काढली, पालथं वळवलं, आणि या साऱ्या वेळात त्यांच्याशी भांडत होती. “असं गप्प बसतात का? काल माझं डोकं खाल्लंत, आज का मौन? खोका बघू. जोरात. हां! ओरडा आता, शिव्या द्या मला.” आजोबा खोकले. मग त्यांनी खरोखर शिवी दिली. बडबडी मोठ्याने हसली, आणि मला वाटतं, रडलीही.

मग ती माझ्याकडे आली. सक्षम परिचारिकांपैकी दोघींना तिने हाताला धरून ओढून आणलं, कपाट उचलायला लावलं. माझ्या गळ्यातली काळी चिठ्ठी तिने तोडून फेकली. पायाला आधार द्यायला काही मिळेना तेव्हा दोन्ही बाजूंनी आठ-आठ पुस्तिका लावून वरून घट्ट पट्टी गुंडाळली. माझ्या पुस्तिकेचा कुणाला तरी उपयोग झाला, तो हा पहिला.

“बोलत राहा मॅडम. काहीही बोला. क्षमता म्हणून दाखवा.”

मला एकही आठवली नाही.

कुणी दगावलं नाही. त्यामुळे चौकशी सुरळीत पार पडली. समितीने आधी वेळेचा मुद्दा निकाली काढला. छत अकरा वाजून बारा मिनिटांनी पडले, तालमीची मंजूर वेळ अकरा ते बारा, सबब छत पडणे हा तालमीचाच भाग होय. तालमीत आपत्ती खरी नसते, म्हणून आपत्ती घडलेली नाही. आपत्ती घडलेली नसल्याने टाकी भरण्याचा आदेश कोणी दिला हा प्रश्न उद्भवत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि मला शांत झोप लागली. इस्पितळाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. दोन गुण मृत व्यक्तीने बोलल्याबद्दल कापले होते.

राहता राहिली बडबडी. तालमीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणजे हॉलमध्ये ती विनापरवाना होती. तिची नेमणूक वॉर्डात होती आणि छत पडलं तेव्हा, कवळीसाठी परतलेले आजोबा सोडले तर, वॉर्ड रिकामा होता, म्हणजे तिने नेमणुकीच्या जागी एकही पेशंट शिल्लक ठेवला नव्हता. तिच्या निकालावर माझा अभिप्राय आणि सही तेवढी हवी होती.

फाईल आली तेव्हा मी आमच्याच इस्पितळात, पाय टांगून पडले होते. साहेब स्वतः घेऊन आले.

“बाई, काही दडपण नाही,” ते म्हणाले. “सक्षम लिहायचं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलंत की छत खरं पडलं असं होईल. ते खरं पडलं की आदेश निघाला. आदेशावर सही कुणाची?”

“माझी.”

“निवृत्तीला किती राहिली?”

“दोन वर्षं.”

“बघा मग,” असं म्हणून ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

पुस्तिका पडून हात सुजलेला, फाईल धरता येईना. ड्युटीवर बडबडीच होती. तिने माझ्या पाठीशी उशी लावली, फाईल खाली पुठ्ठा घेऊन माझ्यासमोर धरली आणि आत काय आहे ते दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे वळवलं. “सावकाश मॅडम, मनगटावर जोर नका देऊ,” म्हणाली. मी लिहिलं: ‘आवश्यक क्षमता आढळून आल्या नाहीत.’ सही केली. सही थोडी वाकडी आली, तिने पुठ्ठा आणखी वर उचलला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “उद्या तुला पुन्हा काही झालं, तर कुणाला हाक मारणार?” मी त्याला म्हटलं, तुला कार्यालयातलं कळत नाही.

आता नियमात एक सोय आहे. तिची नेमणूक संपण्यापूर्वी, म्हणजे या महिनाअखेरपर्यंत, शंभर नागरिकांनी अर्जावर सह्या केल्या, तर अशा प्रकरणाचा फेरविचार करता येतो. नऊ नंबरच्या आजोबांनी ती शोधून काढली. हात गळ्यात बांधलेला असताना ते रोज सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी टेबल मांडून बसतात. पुढे अर्ज, दोरीला बांधलेलं पेन. अर्जात सगळी हकीकत आहे, टाकीपासून कवळीपर्यंत. रोज तीनशे-साडेतीनशे माणसं त्या रांगेतून सरकतात. वाचतात. “काय सांगता!” म्हणतात. “अशा माणसांची कदरच नाही हो,” म्हणतात. पेन उचलून चालतं का ते मागच्या पानावर गिरवून बघतात. मग कुणाचा नंबर येतो, कुणाला आठवतं की मेहुणा याच खात्यात आहे, कुणी म्हणतं जाताना करतो. महिना संपायला दोन दिवस आहेत आणि सह्या झाल्या आहेत एकतीस. त्यांतल्या पंधरा तिने बाहेर काढलेल्यांच्या आहेत.

माझी नाही. मीही नागरिक आहे, दुपारच्या सुट्टीत खाली उतरून सही करता येईल, पाय आता तेवढा बरा आहे. रोज ठरवते. मग फिरती खुर्ची खिडकीकडे वळवते आणि वरून ती रांग बघत बसते.

परवा रांगेत तुम्हीही होतात. अर्ज तुम्ही अगदी शेवटपर्यंत वाचलात, इतरांसारखा अर्ध्यात सोडला नाहीत. चष्मा काढून डोळे पुसलेत. आजोबांनी पेन पुढे केलं तेव्हा त्यांचा चांगला हात तुम्ही दोन्ही हातांत धरलात, मान हलवलीत आणि घड्याळाकडे बघत फाटकाबाहेर पडलात. खरं सांगते, किती बरं वाटलं मला. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.